पन्नास यार्डांचं पिस्तूल: गनस्मिथकडे द्यायच्या आधी आणि परत आल्यावर

गनस्मिथला, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, पहिला फोन करण्याआधी एक आकडा वहीत लिहिलेला हवा. तुमचा हात बाजूला ठेवला, तर तुमचं पिस्तूल पन्नास यार्डांवर दहा गोळ्या केवढ्या वर्तुळात टाकतं? हा आकडा नसेल तर कारागीर काय सुधारणार आणि सुधारलं की नाही हे तुम्ही कसं ठरवणार? आमच्या क्लबात "अ‍ॅक्युरसी जॉब करून घेतला" असं कौतुकाने सांगणारे पुष्कळ आहेत. आधी किती होतं, आता किती आहे, असं विचारलं की विषय हवामानाकडे वळतो.

मी ओहायोत राहते, एरी सरोवराकाठच्या कॅम्प पेरीपासून गाडीने तास-सव्वा तासावर. नोकरी गाड्यांचे सुटे भाग मोजून पास-नापास करण्याची. लहानपण कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या वडिलांच्या लेथशेजारी गेलं. त्यामुळे 'घट्ट बसवलंय' या शब्दांवर माझा विश्वास नाही, फिलर गेजवर (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांवर) आहे. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या दोघा-तिघांनी अलीकडे १९११ नावाचं पिस्तूल घेतलं आणि आता ते 'मॅच', म्हणजे सामन्याच्या दर्जाचं, करून घ्यायचंय म्हणतात. त्यांना फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढते.

आधी खेळ कुठला ते सांगते, कारण खेळ कळल्याशिवाय काम ठरत नाही. मी खेळते ते बुल्सआय: एका हाताने, उभं राहून. ५० यार्डांवर (म्हणजे ४५.७ मीटर) संथ फेरी, १० मिनिटांत १० गोळ्या. मग २५ यार्डांवर २० सेकंदांत ५ आणि १० सेकंदांत ५. पूर्ण सामना २७०० गुणांचा: ९०० गुण .२२ चे (हा आकडा गोळीच्या व्यासाचा, इंचांत), ९०० सेंटरफायरचे (काडतुसाच्या बुडाशी मधोमध ठोका बसतो अशा पिस्तुलाचे), ९०० .४५ चे. सेंटरफायरलाही बहुतेक जण .४५ च वापरतात, म्हणजे २७०० पैकी १८०० गुण एकाच पिस्तुलावर. म्हणूनच लोक .४५ च्या १९११ वर एवढा खर्च करतात. १९७४ साली अमेरिकन नेमबाज हर्शेल अँडरसन यांनी २६८० केले होते, २७०० पैकी फक्त वीस गुण गमावून. हा आकडा डोळ्यासमोर ठेवा, म्हणजे हे पिस्तूल नीट बसवलं तर काय करू शकतं याचा अंदाज येतो.

पन्नास यार्डांच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ ३.३६ इंचांचं असतं, म्हणजे साधारण ८५ मिलिमीटर. त्यातलं एक्स वर्तुळ १.६९५ इंचांचं. कारखान्यातून आलेलं, बरं म्हणावं असं १९११ या अंतरावर पाच-सहा इंच पसरत असेल, तर तुम्ही कितीही स्थिर उभे राहा, काही गोळ्या नवात आणि आठात जाणारच.

पण आधी हिशेब

तुमच्या हाताचा पसारा आणि पिस्तुलाचा पसारा यांची सरळ बेरीज होत नाही. दोन्हींचा वर्ग करायचा, मिळवायचे आणि वर्गमूळ काढायचं. समजा तुमचा हात आठ इंचांचा आहे आणि पिस्तूल पाच इंचांचं. एकूण पसारा ९.४ इंच. आता हजार-दीड हजार डॉलर खर्चून पिस्तूल दोन इंचांवर आणलं, तर एकूण ८.२. एवढ्या पैशात सव्वा इंच मिळाला. पण ज्याचा हात तीन इंचांवर आला आहे, त्याचा एकूण पसारा त्याच कामाने ५.८ वरून ३.६ वर येतो. म्हणजे आठातून दहाच्या काठावर.

म्हणून नव्याने सुरू केलेल्या माणसाला मी सांगते: पहिलं वर्ष फक्त ट्रिगर आणि साइट (नेम धरायची खूण). बाकीचे पैसे काडतुसांवर घाला. इथे प्रत्येक जण मान हलवतो आणि आठवड्याने बॅरलची (नळीची) किंमत विचारायला फोन करतो.

स्वतःच्या हाताचा आकडा कसा काढायचा? .२२ ने. चांगलं .२२ पिस्तूल पन्नास यार्डांवर सहज दोन इंचांच्या आसपास टाकतं, धक्काही नसतो. त्यावर तुमच्या दहा गोळ्या जेवढ्या पसरतात, तो जवळजवळ तुमचाच पसारा. .४५ वर तो वाढतो तो धक्क्यामुळे, आणि तो भाग गनस्मिथ दुरुस्त करत नाही.

पिस्तुलाचा आकडा काढायला रॅन्सम रेस्ट नावाचं यंत्र असतं: ग्रिप काढून फ्रेम त्यात आवळतात, ते जड टेबलाला बोल्ट करतात, लीव्हरने ट्रिगर दाबतात. ते मिळत नसेल तर वाळूच्या पिशव्यांवर मनगट टेकवून, शक्य असेल तर रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी साइट) लावून, दहा-दहा गोळ्यांचे चार-पाच कागद करा. पाच गोळ्यांचा कागद करू नका. पाच गोळ्यांचा ग्रुप नेहमीच देखणा दिसतो. त्याच पिस्तुलाने दहा टाकल्या की सरासरी पसारा पाव पटीने वाढतो. यात गोळ्या बिघडत नाहीत, निव्वळ संख्याशास्त्र आहे. कुणी "दोन इंच" म्हटलं की "किती गोळ्यांत?" हा प्रश्न तोंडावर हवा.

आणि काडतुसं बदलून बघा. जड २३० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) हार्डबॉल, म्हणजे धातूचं आवरण असलेली गोल टोकाची, आणि १८५ ग्रेनची सेमी-वॉडकटर, म्हणजे चपट्या टोकाची, दोन्हींचा कागद वेगळा. त्याच बॅरलमधून दोन वेगळ्या पेट्यांचा पसारा दीड-दोन पटीने वेगळा निघणं अजिबात नवल नाही. गनस्मिथकडे न जाता, पेटी बदलून एखादा इंच मिळत असेल तर तो आधी घ्या. २५ यार्डांवरच्या ग्रुपला दोनने गुणून ५० चा आकडा काढणारेही भेटतील. तो गुणाकार नेहमी जमत नाही. काही शिशाच्या गोळ्या पंचविसापर्यंत शहाण्यासारख्या जातात आणि पुढे डगमगतात. चाचणी पन्नासावरच हवी.

आत नक्की काय हलतं

हे समजून घेतलंत तर गनस्मिथशी बोलताना तुम्हाला कुणी गुंडाळू शकणार नाही. जॉन ब्राउनिंग यांच्या या रचनेत (अमेरिकन सैन्याने ती मार्च १९११ मध्ये स्वीकारली, नाव त्यावरूनच) बॅरल स्थिर नसतं. गोळी सुटली की स्लाइड (वरचा सरकणारा भाग) आणि बॅरल एकत्र थोडं मागे जातात, मग लिंक नावाचा छोटा दुवा बॅरलची मागची बाजू खाली ओढतो, स्लाइड एकटी मागे जाते, रिकामी पुंगळी फेकते, नवं काडतूस घेते आणि बॅरलला पुन्हा वर उचलून खाचांमध्ये अडकवते. म्हणजे प्रत्येक गोळीआधी बॅरल नव्याने जागेवर बसतं. साइट स्लाइडवर आहे, गोळी बॅरलमधून जाते. बॅरल स्लाइडच्या हिशेबाने दर वेळी अगदी त्याच जागी बसलं तर ग्रुप लहान. दर वेळी केसभर वेगळं बसलं तर मोठा. सगळं अचूकतेचं काम या एका वाक्याभोवती आहे.

केसभर म्हणजे किती? पाच इंची बॅरलचं तोंड एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, पंचवीस मायक्रॉन, बाजूला सरकलं, तर पन्नास यार्डांवर गोळी ०.३६ इंच सरकते. चार थाऊचा खेळ असेल तर दीड इंचाला आलात. कारखान्यातल्या पिस्तुलात बुशिंगजवळ (बॅरलचं तोंड धरणाऱ्या पुढच्या कड्याजवळ) चार-पाच थाऊचा खेळ असणं साधी गोष्ट आहे. सैन्याचं हत्यार चिखलातही चालायला हवं, म्हणून तो मुद्दाम ठेवलेला असतो.

बॅरल तीन ठिकाणी धरलं जातं. पुढे बुशिंगमध्ये. मागे वरच्या जिभेजवळ, तिला हूड म्हणतात, ती स्लाइडच्या आतल्या भिंतीला टेकते. आणि खाली, बॅरलचे पाय स्लाइड स्टॉपच्या पिनवर उभे राहतात. तुम्ही घरी हे बघू शकता. मॅगझीन काढा, स्लाइड मागे ओढा, चेंबर डोळ्याने बघा आणि करंगळी घालून बघा. मग स्लाइड पुढे सोडा आणि वरच्या खिडकीतून दिसणाऱ्या हूडवर अंगठ्याने जोरात दाबा. खाली बसतोय आणि सोडल्यावर वर येतोय? पाय पिनवर नीट उभे नाहीत. तोंडाशी बॅरल दोन बोटांनी धरून हलवा. टकटक होतंय? बुशिंग सैल आहे. फ्रेमवर स्लाइड डावी-उजवी हलवून बघितली की बहुतेक जण घाबरतात, पण ती हालचाल सगळ्यात कमी महत्त्वाची. साइट स्लाइडवर असताना स्लाइड फ्रेमवर थोडी हलली तर साइट आणि बॅरल दोन्ही बरोबरच हलतात. तुमचा रेड डॉट फ्रेमला जोडलेल्या माउंटवर असेल तर मात्र हे गणित उलटं होतं आणि स्लाइड-फ्रेमचा खेळही मोजावा लागतो.

काय करून घ्यायचं, कुठल्या क्रमाने

माझा क्रम असा: ट्रिगर, साइट, बुशिंग, बॅरल, आणि सगळ्यात शेवटी, खरंच गरज असेल तरच, स्लाइड आणि फ्रेम.

ट्रिगरने पिस्तूल यांत्रिक अर्थाने एक दशांशही अचूक होत नाही. तरी तो पहिला, कारण एका हाताने सव्वा किलोच्या आसपासचं भरलेलं पिस्तूल धरून खरखरीत, साडेपाच पाउंडांचा ट्रिगर ओढताना तुम्ही जो पसारा वाढवता तो कुठलंही बॅरल भरून काढत नाही. एनआरएच्या (नॅशनल रायफल असोसिएशनच्या) नियमात .४५ ला किमान साडेतीन पाउंड, सीएमपीच्या (सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रामच्या) सर्व्हिस पिस्तूल सामन्यात १९११ ला किमान चार पाउंड. वजन लटकवून तपासतात. म्हणून "साडेतीन करा" असं सांगू नका. वापरताना ट्रिगर किंचित हलका होत जातो आणि मग सामन्याच्या सकाळी टेबलावर वजन उचललं जात नाही. पावणेचार मागा. दोन्ही प्रकार खेळणार असाल तर सव्वाचार. हॅमर (ठोका देणारा भाग) आणि सिअर (त्याला अडवून धरणारा भाग) यांच्या भेटणाऱ्या कडा घासण्याचं काम व्हिडिओ बघून घरी करू नका. त्यात चूक झाली तर गोळी तुमच्या मनाशिवाय सुटते, किंवा एका दाबात दोन सुटतात.

साइटबद्दल लांबण लावत नाही. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना रेड डॉट. पण तुमच्या सामन्याचं चालू वर्षाचं नियमपुस्तक बघून. लोखंडी साइट हवी असेल तर पूर्ण जुळवता येणारी, क्लिक मोजता येणारी.

हाताच्या मापाचं काम याच वेळी सांगा. माझी बोटं आखूड आहेत. १९२० च्या दशकात सैन्याने याच पिस्तुलाची ए-१ आवृत्ती काढली तेव्हा ट्रिगर आखूड केला आणि त्याच्या मागे फ्रेमला खोलगट काप दिले, ते आखूड बोटांच्या सैनिकांसाठीच. मी आखूड ट्रिगर, पातळ ग्रिप आणि मागे सपाट हाउसिंग (ग्रिपच्या मागची पट्टी) घेतलं. पुढच्या पट्टीवर चेकरिंग (हात घसरू नये म्हणून कोरलेली खरखरीत जाळी) करून घेतलं. ओहायोच्या जुलैत तळहाताला घाम येतो तेव्हा त्याचे पैसे वसूल होतात.

आता बुशिंग. जात्याचा खुंटा सैल असेल तर वरची तळी डुलते, फार घट्ट असेल तर जातं फिरत नाही, बुशिंगचं तसंच. बॅरलचं तोंड पुढे आलेलं असताना त्यात एक-दीड थाऊच खेळ राहायला हवा, पण बॅरल मागून खाली झुकताना अडकायला नको. म्हणून चांगला कारागीर तोंडामागचा बॅरलचा भाग किंचित बारीक करतो किंवा बुशिंगच्या आत कोन देतो. नुसतं मापाने घट्ट, रेडीमेड बुशिंग ठोकून बसवलं तर ते स्प्रिंगसारखं बॅरलला वाकवत राहतं. स्वस्तातला पहिला इंच बहुतेक वेळा इथेच मिळतो आणि कधीकधी तेवढ्यावर थांबणं शहाणपणाचं ठरतं.

बॅरल हे मुख्य काम आणि इथेच कारागिराचा हात दिसतो. कार्ट, बार-स्टो अशा नावांची मॅच बॅरल मुद्दाम जास्तीचं धातू ठेवून येतात. ते कानशीने आणि कटरने उतरवत, शाई लावून ठसा बघत, हूड स्लाइडच्या भिंतीला दोन्ही बाजूंनी समान टेकवायचा, वरच्या खाचांमध्ये बॅरल पूर्ण चढवायचं आणि खालचे पाय पिनच्या गोलाईला बसतील असे कापायचे. शेवटी बंद स्थितीत अंगठ्याने दाबलं तर हूड हलता कामा नये आणि उघडताना कुठेही ओढ लागता कामा नये. हे तासन्‌तासांचं काम आहे. बॅरलला दोन-तीनशे डॉलर आणि बसवायला तेवढेच किंवा जास्त मागितले तर महाग म्हणू नका.

इथली एक लबाडी माहीत असू द्या. खालचे पाय न बसवता नुसता लांब लिंक घातला तरी बॅरल वर ढकललं जातं आणि दुकानात हलवून बघितलं तर घट्ट लागतं. पण मग बॅरल पायांवर उभं न राहता त्या दुव्यावर लटकून उभं असतं. काही शे गोळ्यांत दुव्याचं भोक ओढलं जातं आणि ग्रुप परत पहिल्यासारखा. "बॅरल पिनवर उभं आहे की लिंकवर?" एवढं विचारा. खरा कारागीर खूश होतो आणि पिस्तूल उघडून दाखवतो.

स्लाइड-फ्रेम घट्ट करणं म्हणजे स्लाइड शिकंज्यात दाबून, फ्रेमच्या रुळांवर हातोडीने धातू पसरवून, मग लॅपिंग पेस्टने एकमेकांवर घासून बसवणं. १९५०-६० च्या दशकांत स्प्रिंगफील्ड आर्मरीत नॅशनल मॅच पिस्तुलं अशीच निवडून-बसवून बनवली जात आणि १९५६ साली स्थापन झालेल्या सैन्याच्या मार्क्समनशिप युनिटच्या कारागिरांनी ही विद्या पुढे नेली. काम सुंदर दिसतं, स्लाइड लोण्यासारखी सरकते, पण मिळणारा फायदा बॅरलच्या मानाने थोडा. पैसे उरले तर करा.

कारागीर कसा शोधायचा आणि त्याला काय लिहून द्यायचं

१९११ दुरुस्त करणारे पुष्कळ, पन्नास यार्डांसाठी १९११ बांधणारे थोडे. स्वसंरक्षणाची पिस्तुलं चकाचक करणाऱ्या दुकानात बुल्सआयचं काम देऊ नका. त्यांचं सगळं लक्ष सात यार्डांवरच्या वेगावर असतं. रविवारी सामन्याला जा, शेवटच्या फेरीनंतर वरच्या गुणांचे लोक सामान आवरत असतात, त्यांना विचारा की हे कुणी बांधलं आणि किती वर्षांपूर्वी. वर्षं विचारायला विसरू नका. नवं पिस्तूल सगळ्यांचंच चांगलं असतं.

फोनवर विचारायचे माझे प्रश्न ठरलेले: पन्नासावर चाचणी करता का, किती गोळ्यांची, कुठल्या काडतुसाने? कागद देता का? ठरलेल्या आकड्यात आलं नाही तर काय? किती महिने लागतील? शेवटच्या उत्तरात स्वतःच दोन-तीन महिने मिळवा. चांगल्या लोकांकडे रांग असते आणि त्याबद्दल कुरकुर करून काही होत नाही.

मग लेखी ऑर्डर. तोंडी सांगितलेलं सहा महिन्यांनी दोघांनाही वेगवेगळं आठवतं. माझ्या कागदावर साधारण हे होतं:

"वापर: बुल्सआय, ५० आणि २५ यार्ड. काडतूस: १८५ ग्रेन सेमी-वॉडकटर, पेटी सोबत पाठवली आहे. सध्याचा पसारा: सोबतचे कागद बघावेत. हवं ते: १० गोळ्या, ५० यार्ड, मशीन रेस्टवर, अडीच इंचांच्या आत. ट्रिगर पावणेचार पाउंड, त्याखाली नको. रिकॉइल स्प्रिंग याच काडतुसाला जुळेल अशी. २३० ग्रेन हार्डबॉलही न अडखळता चालली पाहिजे, अचूकतेची अट नाही. सगळ्या सेफ्टी मूळ स्थितीत चालू. काढलेले मूळ भाग पिशवीत परत. अंदाजापेक्षा खर्च वाढत असेल तर आधी फोन."

अडीच इंच का, दीड का नाही? दीड इंच मिळतो, पण त्या शेवटच्या इंचासाठी पिस्तूल इतकं घट्ट होतं की थोडी काजळी बसली की अडकतं. दहा सेकंदांच्या फेरीत एक काडतूस अडकलं की डोक्याची जी अवस्था होते तिची किंमत त्या इंचापेक्षा मोठी आहे. आमच्या क्लबातल्या एका गृहस्थांचं पिस्तूल तिजोरीसारखं बंद होतं. ते प्रत्येक फेरीआधी तळहाताने स्लाइडच्या मागे दणका मारतात.

स्प्रिंगचं वाक्य गाळू नका. रिकॉइल स्प्रिंग म्हणजे मागे गेलेली स्लाइड परत पुढे ढकलणारी; कारखान्याची सोळा पाउंडांची स्प्रिंग पूर्ण ताकदीच्या हार्डबॉलसाठी असते. हलक्या बुल्सआय काडतुसाला ती जड पडते, स्लाइड पूर्ण मागे येत नाही, आणि दोष मात्र नव्या बॅरलवर जातो.

कायद्याचं, थोडक्यात पण नीट

इथे आपल्या लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. एच-१बी, एल-१, विद्यार्थी अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायलाच मनाई आहे; वैध शिकार परवाना असे काही मोजके अपवाद आहेत. त्या अपवादात बसता की नाही हे वकिलाकडून समजून घ्या, माझ्याकडून किंवा रेंजवरच्या मित्राकडून नको. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर ही अडचण नाही, पण राज्याचे नियम वेगळे: न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया इथले ओहायोसारखे नाहीत.

गनस्मिथकडे संघीय परवाना हवा. पिस्तूल त्याच्याकडे मुक्कामाला राहणार असेल तर तो नोंदवहीत चढवतो, ती नोंद होताना बघा. तुम्ही दिलेलं पिस्तूल तुम्हालाच परत करताना खरेदीचा फॉर्म पुन्हा भरावा लागत नाही. नवऱ्याला आणायला पाठवलंत तर भरावा लागतो, म्हणून स्वतः जा. लांबच्या कारागिराकडे पाठवायचं तर मोठ्या कुरिअर कंपन्या बहुधा परवानाधारकाकडूनच घेतात. जवळच्या बंदूकविक्रेत्याला थोडे पैसे देऊन त्याच्यामार्फत पाठवा. गाडीतून नेताना रिकामं, कुलपाच्या पेटीत, डिकीत, आणि काडतुसं वेगळी.

आणि भारतात कुणासाठी बॅरल किंवा ट्रिगरचे भाग सुटकेसमध्ये घालून नेऊ नका. इकडे निर्यातीचा परवाना लागतो, तिकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली सुटे भागही शस्त्रातच मोडतात. कोल्हापूरला गेले की रेंजवर जाणारी भाचरं मला हमखास विचारतात. नेमबाज राही सरनोबतच्या गावची मुलं, विचारणारच. त्यांना मी सांगते की तुमचा प्रकार २५ मीटर, .२२ चा, पार्दिनी किंवा वॉल्थरसारखी पिस्तुलं कारखान्यातूनच तुमच्या हातापेक्षा अचूक येतात. तिथे कारागिराचं काम म्हणजे ग्रिप तळहाताला कोरून बसवणं आणि ट्रिगर हजार ग्रॅमच्या नियमाच्या वर राखून जुळवणं. तेही परवाना असलेल्याकडूनच.

रुगर मार्क मालिकेतल्या .२२ वाल्यांनाही हेच लागू. तिथे बॅरल रिसीव्हरला पक्कं बसवलेलं असतं, साइटही त्यावरच, हलायला काही नाही. ट्रिगर बदलून घ्या आणि चार-पाच प्रकारची काडतुसं रेस्टवर तपासा. बॅरल घट्ट करायला कुणी पैसे मागितले तर तिथून निघा.

परत आल्यावर

पिस्तूल हातात आल्यावर आधी कागद बघू नका, सेफ्टी बघा. रिकामं आहे याची खात्री करून: अंगठ्याची सेफ्टी वर, ट्रिगर दाबा, सोडा, सेफ्टी खाली. या वेळी हॅमर हलता कामा नये आणि कान जवळ नेला तर 'टिक' असा बारीक आवाजही येता कामा नये. ग्रिप सेफ्टी न दाबता ट्रिगर ओढून बघा. स्लाइड थोडी मागे धरून ट्रिगर ओढा, हॅमर पडता कामा नये. एकही चाचणी चुकली तर त्याच काउंटरवर परत.

रेंजवर पहिल्यांदा मॅगझीनमध्ये एकच काडतूस, मग दोन. दोन सलग नीट, वेगवेगळ्या दाबांनी सुटल्यावरच पाच भरा. नवा ट्रिगर एका दाबात दोन सोडत असेल तर ते दोनच काडतुसं असताना कळलेलं बरं.

पहिल्या तीन-चारशे गोळ्या रुळांवर भरपूर तेल ठेवून मारा आणि त्या काळात ग्रुप मोजू नका; घट्ट भाग एकमेकांशी जुळवून घेत असतात. मग तुमच्या जुन्या कागदांच्याच पद्धतीने, त्याच पेटीने, दहा गोळ्या. कारागिराचा कागद अडीच इंचांचा आणि वाळूच्या पिशवीवरचा तुमचा साडेतीन इंचांचा असेल तर भांडायला जाऊ नका, तो फरक पिशवीचा आणि तुमचा आहे. पाच निघाले तर फोन करा आणि कागद पाठवा. चांगल्या कारागिराला कागद बघायला आवडतात.

रिकाम्या चेंबरवर स्लाइड धाडकन सोडू नका. घासून बसवलेल्या सिअरच्या कडेला तो मार लागतो. बुशिंग घट्ट असल्याने उघडताना पान्हा लागेल. स्लाइड थोडी मागे घेऊन बुशिंग फिरवलं की बॅरलचा बारीक भाग बुशिंगखाली येतो आणि ते सहज सुटतं. शिशाच्या गोळ्या वापरत असाल तर चेंबरच्या पुढच्या कडेला शिशाचा थर साचतो आणि काडतूस पूर्ण बसत नाही. तिथे ब्रास ब्रश फिरवा.

वहीत तीन रकाने ठेवा: एकूण गोळ्या, स्प्रिंग कधी बदलली, ट्रिगरचं वजन. रिकॉइल स्प्रिंग स्वस्त आहे, दर दोन-तीन हजार गोळ्यांनी बदला. ट्रिगरचं वजन प्रत्येक मोठ्या सामन्याच्या आठवडाभर आधी तपासा. ते साडेतीनच्या खाली घसरू लागलं, किंवा बंद पिस्तुलाचा हूड अंगठ्याखाली पुन्हा हलायला लागला, तर पिस्तूल कारागिराकडे परत पाठवा. सोबत वहीच्या पानाचा फोटो आणि आधी वापरली होती त्याच काडतुसांची पेटीही द्या.